लेन्सची चुंबळ आणि माझा उजवा डोळा

मी बेचाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त केले आणि त्यातली निदान चाळीस भीत भीत केली. गिऱ्हाइकाला हे कळू द्यायचं नसतं. तो समोर बसलेला असताना आपण डोळ्याला भिंग लावून, सुपारी चघळल्यासारखं तोंड करून, सावकाश स्क्रू काढायचा. रत्नागिरीत रामआळीच्या मागच्या बोळात माझं आठ बाय दहाचं दुकान आहे. दारावर पाटी नाही. पत्ता विचारला की लोक सांगतात, "तो बापू, एक डोळा मिटून बसतो तो." त्यांना वाटतं ती माझी लकब आहे. ती आमच्या धंद्याची सवय आहे. उजवा डोळा कॅमेऱ्याला, डावा बंद.

या अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी आधी गमती आठवायला बसलो. एकदोन येतील. पण मला लिहायचंय ते एका चुकीबद्दल. ती एका ॲडॉप्टरपायी झाली, आणि तिच्यात एका मुलीचा, वडिलांच्या लेन्सने काढायचा फोटो आणि माझा उजवा डोळा, दोन्ही जायची वेळ आली होती.

आधी धंदा समजावतो. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असे. फोटो काढताना तो खटकन वर उचलला जाई. त्याला हलायला जागा हवी म्हणून लेन्स फिल्मपासून साडेचार सेंटिमीटर पुढे बसवलेली असायची. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच गेला. कॅमेरा चपटा झाला आणि लेन्स बसायची जागा आतल्या सेन्सरपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर आली. आता आजोबांची, हाताने फिरवायची लेन्स त्यावर लावायची तर मधलं हरवलेलं अंतर परत भरून द्यायला हवं. त्यासाठी धातूचं एक पोकळ कडं लागतं, तोच ॲडॉप्टर. माझ्या दुकानात त्याला चुंबळ म्हणतात. मिरकरवाड्याच्या मासळीवाल्या डोकं आणि टोपली यांच्यामध्ये फडक्याचं वेटोळं ठेवतात, ती चुंबळ. ती स्वतः काही करत नाही, नुसती मधे असते. पण ती नीट बसली नाही तर टोपली कलते आणि मासळीचं पाणी मानेवरून पाठीत उतरतं.

"बापू, कुठली घेऊ?" असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं ठरलेलं. आत काच असलेली घेऊ नकोस, पोकळ घे. फुकटची काच चित्र बिघडवते. आतून काळी आणि खरखरीत हवी, चकाकणारी नको, नाहीतर उजेड आत नाचतो. लेन्सच्या मागे उजेडाचं भोक लहानमोठं करणारी बारीक टाचणी असेल तर ती दाबणारी कड चुंबळीला आहे का बघ. लावल्यावर खुळखुळ वाजली तर परत पाठव. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जाडीची. केसभर पातळ चालेल, केसभर जाड चालणार नाही. जाड झाली की जवळचं सगळं दिसतं, लांबचं काही केल्या स्पष्ट होत नाही. लेन्सवर आडवा आठ काढलेला असतो, त्याला आम्ही अनंत म्हणतो. जाड चुंबळीची लेन्स अनंतापर्यंत पोचतच नाही.

या अनंतावरून एक गंमत झाली होती. लोट्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट करणारे साळवी म्हणून गिऱ्हाईक. सुट्टी मिळाली की पक्ष्यांच्या मागे. त्यांची लेन्स तपासून मी चिठ्ठी बांधली, 'अनंतावर लागत नाही, चुंबळ बदला.' ते रात्रपाळीला, म्हणून पिशवी त्यांच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोचा फोन.

"बापू, आमच्यात अनंत कोण नाय ओ. भावजींचं नाव अनिल. आणि चुंबळीचं काय म्हणता ते मला उलगडलंच नाय. मी काय आता डोक्यावर हंडा घेते काय?"

तर असा धंदा. मिररलेस आल्यापासून मात्र भीती वाढली. पूर्वी लेन्स काढली की समोर आरसा असायचा, आतली नाजूक वस्तू झाकलेली. आता लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो, पापणी नसलेल्या डोळ्यासारखा. वरून पंख्याची धूळ, आपला श्वास, हातातला स्क्रूड्रायव्हर. चुंबळ बदलताना मी पंखा बंद करतो आणि श्वास धरून ठेवतो.

गेल्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर रेहाना दुकानात आली. राजिवड्याची, शाळेत शिक्षिका. वडील बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, तीन वर्षांपूर्वी गेले. तिने पिशवीतून तांदळाचा डबा काढला आणि तांदळात हात घालून त्यातून लेन्स वर काढली.

मी कपाळावर हात मारला. "तांदळात कोणी ठेवली?"

"मीच. मोबाईल भिजला की ठेवतात ना काका. म्हटलं, आपली हवा दमट."

कोकणात ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. तांदळाचं पीठ लेन्सच्या आट्यांत जाऊन बसतं आणि आपल्या हवेत बुरशीला आयतं जेवण मिळतं. आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन धागे उठलेच होते. लेन्स मात्र खानदानी. मागे आटे असलेली, पितळी पोटाची, सारंगांनी कुठल्याशा जपानी बंदरात घेतलेली. फिरवली की तुपासारखी फिरायची.

रेहानाने नवीन मिररलेस घेतला होता. तिला घाई होती आणि त्या घाईचं कारण तिने सरळ सांगितलं. वडील दर सुट्टीला घरी आले की परत जायच्या दिवशी रोलमधली शेवटची फ्रेम तिच्या आईसाठी राखून ठेवायचे. आई दारात उभी राहायची, ते अंगणातून फोटो काढायचे आणि तसेच गाडीत बसायचे. आईने आयुष्यात दुसऱ्या कुणाला फोटो काढू दिला नाही. आता रेहानाचा भाऊ आईला कायमची मस्कतला नेणार होता. दिवाळीच्या सुट्टीत निघायचं होतं.

"या वेळी जाणारी आई आहे," रेहाना म्हणाली. "मी म्हटलं, अब्बांच्याच लेन्सने काढते. तर ती हो म्हणाली. एकदाच म्हणाली हां काका, परत म्हणायची नाय."

मी बुरशी काढली, पीठ धुतलं, आट्यांना ताजं ग्रीस दिलं. आता फक्त चुंबळ निवडायची होती. पहिली तिने स्वस्तातली मागवली होती. ती खुळखुळत होती, मी परत पाठवायला लावली. दुसरी बरी आली. दुकानाच्या गच्चीवर जाऊन मी समोरच्या कौलारू घराच्या आढ्यावर कॅमेरा रोखला. आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरची सरळ रेघ. लेन्स सरळ बसली की नाही ते बघायची माझी वर्षानुवर्षांची कसोटी. डावीकडे जरा पुसट दिसलं आणि रेघ किंचित खाली दबल्यासारखी वाटली.

"बसकी आहे डाव्या बाजूला," मी म्हटलं. "परत कर."

रेहानाने मागच्या पडद्यावर बघितलं. "काका, इथं तर ठीक दिसतंय."

"पडद्यावर भरवसा ठेवायचा नाय," मी म्हटलं. हे माझं आवडतं वाक्य. नवीन पोरांना मी ते कितीतरी वेळा ऐकवलं आहे. "पडद्यावर सगळंच छान दिसतं. खरं ते डोळ्याला लावल्यावर."

तिसरी चुंबळ महाग, पितळेची, सुरेख बनवलेली. आठ दिवस वाट बघून आली. आढं परत डावीकडे दबलेलं. दोन वेगळ्या कारखान्यांच्या चुंबळी एकाच बाजूला कशा बसक्या असतील, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. माझा माझ्या डोळ्यावर इतका विश्वास होता की मी पितळेवर शंका घेतली. आई निघायला आठवडा राहिला होता, चौथी मागवायला वेळ नव्हता. मग मी आमची जुनी युक्ती केली. चुंबळीचे चार स्क्रू काढले, जुन्या निगेटिव्हची बारीक पट्टी कापली आणि डाव्या बाजूच्या दोन स्क्रूंखाली सरकवली. परत गच्चीवर गेलो. जरा बरं वाटलं. जे बघायचं असतं ते माणसाला दिसतंच.

दोन दिवसांनी रेहाना परत आली. मोबाईलवर तिने फोटो दाखवला. तिच्या घराच्या दाराची चौकट होती. उजवी बाजू लख्ख, डावी कापसासारखी.

"काका, आधी बरं होतं."

दुकानात आणखी दोन माणसं बसली होती. मला ते लागलं. मी म्हणालो, "रेहाना, लेन्स बरोबर आहे. तुझा डोळा अजून तयार झालेला नाय."

तिने मोबाईल पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि ती निघून गेली. बेचाळीस वर्षांत बोललेली वाईट वाक्यं काढायची झाली तर त्यात हे पहिलं येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून मी माझा स्वतःचा कॅमेरा काढला. जुना, आरशाचा, मीच जुळवलेला. त्यात चूक असणं शक्य नव्हतं. गच्चीवर जाऊन समोरच्या आढ्यावर लावला. आढं डावीकडे दबलेलं. मी लेन्स बदलली. तरी दबलेलं. मग कॅमेरा खाली घेतला आणि, सवयीने डावा डोळा मिटलेलाच, नुसत्या उजव्या डोळ्याने छपराकडे बघितलं.

कॅमेरा नव्हता, लेन्स नव्हती, चुंबळ नव्हती. आढं वाकलेलं होतं, आणि मी बघत होतो त्याच्या जरा डावीकडे पाण्याचा थेंब पडल्यासारखं पुसट. नजर सरकवली की थेंब बरोबर सरकायचा. मी डावा डोळा उघडला आणि उजवा मिटला. आढं सुतासारखं सरळ.

मला भीती वाटली. मी गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसलो. हातातला कॅमेरा मांडीवर घट्ट धरला होता, जणू तोच पडणार होता. एवढंच मनात येत होतं की हे कुणाला कळता कामा नये.

पुढचे तीन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. दिवसातून वीस वेळा डावा डोळा झाकून बघायचो. न्हाणीघराच्या फरशा, कपाटाची कड, खिडकीचे गज. कधी वाटायचं आज कमी आहे, आणि लगेच एखादा गज मधेच मोडायचा. वर्तमानपत्रातल्या शब्दांतलं एकेक अक्षर गायब व्हायचं. दुकान उघडायचो, पण गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणायचो. रेहानाच्या घरी ती बिघडवलेली चुंबळ होती आणि आई निघायला दिवस मोजके राहिले होते, हेही रोज आठवायचं. जाऊन सांगायचं म्हणजे डोळ्याचं सांगायचं. डोळ्याचं सांगितलं की दुकान संपलं. भिणारा मेकॅनिक लोक चालवून घेतात, आंधळा कोण घेईल?

तिसऱ्या दिवशी मी चहा ओतताना माझ्या बायकोने, मंगलने, मला पकडलं.

"काय ओ, टेबलाला कशाला चहा पाजताय?"

मी म्हटलं, हात हलला.

"हात नाय हलला. परवापासून बघते, फरशीला एक डोळा मारताय. मला मारला असतात तर समजले असते. काय झालंय?"

मी सांगितलं. तिने पदर खोचला, गॅस बंद केला आणि म्हणाली, "चप्पल घाला."

डॉक्टरांनी थेंब टाकून, प्रखर दिवा मारून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पडद्याला सूज आहे. अगदी मधोमध, पाणी झालंय. या पडद्यावर आता भरवसा ठेवून चालणार नाही, उशीर केलात तर मधली नजर जाईल. उद्या सकाळी कोल्हापूरला पोचा. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल."

माझंच वाक्य मला परत मिळालं होतं. मी हसलो असेन, कारण डॉक्टरांनी विचारलं, "ऐकलंत ना काय म्हणालो?"

बाहेर आल्यावर मी मंगलला म्हटलं, "आधी राजिवड्याला जायचंय." तिने का म्हणून विचारलं नाही. दुकानातून बारका स्क्रूड्रायव्हर घेतला आणि रिक्षाने गेलो. थेंबांमुळे दोन्ही डोळ्यांपुढे धुकं. रिक्षा उतरताना मंगलने माझा दंड धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी तो सोडवून घेतला नाही.

घरात बॅगा भरलेल्या होत्या. आई दुसऱ्या दिवशी दुपारी निघणार होती. रेहाना मला बघून उठली, पण "या" म्हणाली नाही.

मी दारातच सांगून टाकलं. "तुझा डोळा बरोबर होता. खराब माझा आहे. चुंबळ चांगली होती, मी ती वाकडी केली."

"मला त्या दिवशी लागलं काका," ती म्हणाली. "घरी येऊन मी खरंच एक एक डोळा मिटून बघत बसले. माझाच कुठला खराब आहे म्हणून."

मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. "मला दिसत नाय. तू काढ. मी सांगतो."

"मी? मला नाय जमायचं. काय बिघडलं तर?"

"बिघडेल म्हणून मी बेचाळीस वर्षं भितोय. भीत भीतच करायचं असतं. पंखा बंद कर."

पडवीतल्या बाकावर स्वच्छ फडकं पसरलं. तिने लेन्स आणि चुंबळ कॅमेऱ्यावरून काढली, उघड्या सेन्सरवर झाकण लावलं. मी सांगत होतो आणि ती करत होती. समोरासमोरचे स्क्रू काढ, एकदम पूर्ण सैल करू नकोस. स्क्रू फडक्यावर ठेव, ज्या क्रमाने काढलेस तसे. तिचा श्वास मला ऐकू येत होता. एकदा स्क्रू टण् करून लाद्यांवर पडला आणि आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो. मंगलने खाली बसून, तळहात लादीवरून फिरवत तो शोधला. शेवटी निगेटिव्हची पट्टी बाहेर आली. रेहानाने ती उजेडाकडे धरली. "काका, कुणाचं तरी लग्न आहे याच्यात."

तेवढ्यात तिची आई चहा घेऊन आली. तिला काय चाललंय ते सगळं कळलं असावं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "भाऊ, एवढं घाबरायचं काय? त्यांनी मला फोटोत कधी सरळ धरलंच नाय. बोटीवरचा माणूस. सगळं डोलतंच काढायचे."

चुंबळ परत जुळली, लेन्स चढली. आता कसोटी. त्यांच्या अंगणातून खाडीवरचा भाट्याचा पूल दिसतो. मी म्हटलं, "आडव्या आठावर फिरव आणि पूल बघ."

तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला. "तुमी बगा ना काका एकदा."

माझा हात पुढे गेलाच होता. मी तो मागे घेतला. "नको. मी सांगेन ते खरं नसेल. तू बघ. खांब कसे आहेत?"

ती बघत राहिली. मला समोर नुसता पांढरा उजेड दिसत होता. बेचाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की तुमची लेन्स बरोबर आहे, आणि त्यांनी ते मानलं. आता मला माझ्या कामाचा निकाल दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा होता.

"सरळ आहेत," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंचे. अनंतावर लागतंय काका."

दुसऱ्या दिवशी तिची आई दारात उभी होती तेव्हा मी कोल्हापुरात आडवा होतो. तिथे पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात. डोळा उघडा पडला, वरून दिवा, आणि बाजूने येणारी सुई. चिमट्यात डोळा बंद करता येत नाही, दुसरीकडे बघता येत नाही. उघड्या सेन्सरवर वाकणारा मी मला आठवला. डॉक्टर म्हणाले, "श्वास धरून ठेवू नका हो, घ्या." खूप भ्यालो होतो. मंगल बाहेर होती, तिला नंतर सांगितलं की काही वाटलं नाही. तिने ते मानलं नाही.

डोळा पूर्ण गेला नाही. मधला थेंब लहान झाला, पण राहिला. दोन-तीन महिन्यांनी परत जावं लागतं. दुकान उघडं आहे. मी उघडतो, जुळवतो, आणि शेवटची नजर रेहाना टाकते, शाळा सुटल्यावर. साळवींची नवी चुंबळ तिनेच निवडली. गिऱ्हाइकांना मी स्वतःच सांगतो की बापूच्या उजव्या डोळ्यावर जाऊ नका. वाटलं होतं तेवढी गिऱ्हाइकं तुटली नाहीत. काही तुटली.

आईचा फोटो रेहानाने मला कॅमेऱ्यावर एकदाच दाखवला. मी तो डाव्या डोळ्याने बघितला. त्याची प्रत मागितली नाही, ती मागायची गोष्ट नव्हती. तिने मला दुसरी फ्रेम छापून दिली, आई गाडीत बसून गेल्यानंतर लगेच काढलेली. त्यात नुसतं दार आहे. चौकटीच्या दोन उभ्या रेघा, वर एक आडवी, खाली उंबरा. "तुमाला रेघा लागतात ना बघायला," ती म्हणाली.

तो फोटो आमच्या स्वयंपाकघरात टांगलाय. रोज सकाळी मी डावा डोळा झाकून त्याच्यासमोर उभा राहतो. सहा महिने झाले, भीती तीच. मंगल ओट्याकडे तोंड करून विचारते, "चौकट?" आणि मी म्हणतो, "सरळ." सरळ असते म्हणून म्हणतो, पण एकदोनदा नसतानाही म्हटलंय. ते तिला इथेच, छापून आल्यावर कळेल.

आज सकाळी उभा राहिलो. डावीकडची रेघ उंबऱ्याच्या बोटभर वर आत वळली होती. मी दोनदा बघितलं. मंगलने विचारलं, "चौकट?"

तोंडावर "सरळ" आलं होतं.

"वाकलीय," मी म्हटलं.

तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "चप्पल घाला."